सिएटलची आग, खरगपूरचा उन्हाळा

विमान आधी उडवून पाहायचं, त्यातले दोष काढायचे आणि मग कारखान्यात त्याचं उत्पादन सुरू करायचं, हा सरळ क्रम. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बी-२९ या बॉम्बफेकी विमानाच्या बाबतीत तो जाणूनबुजून उलटा केला. २१ सप्टेंबर १९४२ रोजी पहिला नमुना जमिनीवरून उठला, तेव्हा अशा शेकडो विमानांची मागणी नोंदवून झाली होती आणि ती बनवण्यासाठी अवाढव्य कारखाने उभे राहत होते. या उलट्या क्रमाची पहिली मोठी किंमत १८ फेब्रुवारी १९४३ रोजी सिएटल शहरात मोजावी लागली. दुसरी चौदा महिन्यांनी आपल्याकडे, कराचीपासून बंगालच्या मेदिनीपूर जिल्ह्यापर्यंत, ऐन उन्हाळ्यात वसूल झाली. या दोन गोष्टी सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. खरं तर ती एकाच इंजिनाची गोष्ट आहे.

घाईला कारण होतं. १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटलं तेव्हा अमेरिकी हवाईदलाचे प्रमुख हेन्री अर्नोल्ड यांच्यापुढे प्रश्न होता, की उद्या ब्रिटन पडलं तर जर्मनीवर बॉम्ब टाकायला तळ कुठला वापरायचा? हाताशी असलेल्या कुठल्याही विमानाचा पल्ला तेवढा नव्हता. पर्ल हार्बरनंतर हाच प्रश्न जपानच्या बाबतीत आणखी तीव्र झाला, कारण पॅसिफिक महासागर अटलांटिकपेक्षा कितीतरी मोठा. सिएटलच्या बोइंग कंपनीने यावर जो आराखडा दिला, तो त्या काळाच्या मानाने धाडसी होता. पंखांचा पसारा १४१ फूट, भरल्या वजनी साठ टनांच्या घरात, माणसं बसतात त्या डब्यांत हवेचा दाब राखलेला, तोफा दूरनियंत्रणाने फिरणाऱ्या. या प्रकल्पावर एकूण सुमारे ३ अब्ज डॉलर खर्च झाले. अणुबॉम्बवर झालेला खर्चही त्याहून कमी होता.

एवढं धूड उचलायला तेवढंच दांडगं इंजिन हवं. राइट कंपनीचं आर-३३५० हे इंजिन त्यासाठी निवडलं गेलं. अठरा सिलिंडर, नऊ-नऊच्या दोन रांगांत, एकामागे एक. ताकद २,२०० अश्वशक्ती. ते थंड ठेवायला पाणी नव्हतं, समोरून येणाऱ्या हवेचाच काय तो आधार. पुढच्या रांगेतले सिलिंडर ताजा वारा खात आणि मागच्या रांगेच्या वाट्याला त्यांनी तापवून सोडलेली हवा येई. विमानाचा वेग वाढावा म्हणून इंजिनावरचं आवरण घट्ट बसवलं होतं. आवरणाच्या मागच्या कडेला झडपा होत्या. त्या उघडल्या की इंजिन थोडं निवे, पण विमानाला मागे ओढ बसे आणि ते थरथरू लागे. मिटल्या की इंजिन पुन्हा तापे. वैमानिकाने यातून रोज मार्ग काढायचा.

याहून वाईट गोष्ट आत होती. वजन वाचवण्यासाठी इंजिनाच्या कवचात मॅग्नेशियमचा मिश्रधातू वापरला होता. मॅग्नेशियमची फीत शाळेच्या प्रयोगशाळेत जळताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो पांढरा, डोळे दिपवणारा प्रकाश आठवत असेल. हा धातू एकदा पेटला की साध्या उपायांनी विझत नाही, आणि त्याची आच तीन हजार अंशांच्या आसपास जाते. इंजिनाच्या मागे लगेच पंखाची मुख्य तुळई, आणि पंखातच पेट्रोलच्या टाक्या.

हे विमान तपासण्याची जबाबदारी एडमंड ॲलन यांच्यावर होती. सगळे त्यांना एडी म्हणत. वय सत्तेचाळीस, अंगाने किरकोळ, बोलणं मवाळ. सिनेमात दिसतो तसला छातीठोक वैमानिक त्यांच्यात शोधून सापडला नसता. पहिल्या महायुद्धापासून ते विमानं तपासत आले होते, मधली काही वर्षं टपाल विमानंही चालवली होती. बोइंगमध्ये ते वायुगतिकी आणि उड्डाण-संशोधन विभागाचे प्रमुख होते. चाचणी उड्डाण म्हणजे जिवावरचा खेळ नव्हे, ते आकाशात चालणारं मोजमाप आहे, असा त्यांचा आग्रह. विमानात अभियंते बसवायचे, शेकडो आकडे टिपायचे आणि जमिनीवर येऊन त्यांचा हिशेब मांडायचा, ही पद्धत त्यांनी बोइंगमध्ये रुजवली. त्यांचा लौकिक एवढा, की दुसऱ्या कंपन्याही त्यांना उसने मागून नेत. ९ जानेवारी १९४३ रोजी लॉकहीड कंपनीच्या कॉन्स्टेलेशन या प्रवासी विमानाने पहिलं उड्डाण केलं, तेव्हाही चालकाच्या जागी ॲलनच होते. त्या विमानालाही आर-३३५० हीच इंजिनं होती, आणि ती ॲलन यांच्याइतकी ओळखणारा वैमानिक दुसरा नव्हता.

ती ओळख काही सुखाची नव्हती. पहिल्या नमुन्याच्या सुरुवातीच्या जेमतेम २६-२७ तासांच्या उड्डाणांत सोळा वेळा इंजिनं बदलावी लागली होती. ३० डिसेंबर १९४२ रोजी दुसरा नमुना पहिल्यांदा हवेत गेला आणि त्याच उड्डाणात एका इंजिनाला आग लागली. चालकाच्या डब्यात धूर भरला असताना ॲलन यांनी विमान सुखरूप खाली आणलं. एवढं झाल्यावर चाचण्या थांबवून आधी इंजिन सुधारायला हवं होतं, हे आज घरात बसून म्हणणं सोपं आहे. तेव्हा पॅसिफिकमधल्या ग्वादाल्कनाल बेटावर लढाई चालू होती, कारखान्यांचे सांगाडे उभे राहत होते, आणि विमानाचे आकडे मिळाल्याशिवाय पुढचं काम अडत होतं.

१८ फेब्रुवारीचं उड्डाण वर चढण्याची क्षमता आणि इंजिनाची उष्णता मोजण्यासाठी होतं. विमानात अकरा जण होते. ॲलन, सहवैमानिक रॉबर्ट डॅन्सफील्ड, बाकी बहुतेक चाचणी अभियंते आणि तंत्रज्ञ. १२ वाजून ९ मिनिटांनी बोइंग फील्डवरून विमान उठलं. आठ मिनिटांनी, पाच हजार फुटांवर असताना, डाव्या टोकाच्या इंजिनाला आग लागली. ॲलन यांनी ते बंद केलं, प्रॉपेलरची पाती वाऱ्याला धरून फिरवली, आग विझवायला कार्बन डायऑक्साइड सोडला आणि विमान माघारी वळवलं. आग आटोक्यात आल्यासारखी दिसली. अशी आग त्यांनी आधी पाहिली होती, हाताळली होती. शहराला वळसा घालून, उंची कमी करत, नेहमीच्या रीतीने धावपट्टीकडे यायचं त्यांनी ठरवलं.

पण आग विझली नव्हती. ती इंजिनाच्या खोळीतून पंखाच्या पुढच्या कडेत शिरली होती, जिथे ती विमानातल्या कुणाला दिसत नव्हती. १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमाराला, दीड हजार फुटांवर असताना, बिनतारी यंत्रचालक हॅरी रॉल्स्टन यांनी नियंत्रण मनोऱ्याला कळवलं की पंख पेटला आहे, बंब तयार ठेवा. यंत्र चालूच होतं. विमानातलं कुणीतरी ॲलन यांना सांगत होतं, पंखाची तुळई जळते आहे, लवकर खाली घ्या. मनोऱ्यातल्या माणसांनी ते ऐकलं. तिघांनी बाहेर उड्या घेतल्या. उंची इतकी कमी होती की छत्र्या काही कामाच्या नव्हत्या. धावपट्टीपासून तीन मैलांवर, फ्राय कंपनीच्या मांस-कारखान्यावर विमान कोसळलं. कारखान्यात काम चालू होतं. विमानातले अकराही जण गेले, कारखान्यातले वीसेक कामगार गेले, आणि आग विझवायला आत शिरलेला अग्निशमन दलाचा एक जवानही गेला.

भर दुपारी, भर शहरात झालेला अपघात लपवता येत नाही. सिएटलच्या लोकांनी जळतं विमान डोक्यावरून जाताना पाहिलं होतं. तरी ते नेमकं कुठलं विमान, त्याची ताकद किती, हे सरकारने अधिकृतपणे जाहीर केलं ते जून १९४४ मध्ये, म्हणजे जवळजवळ सोळा महिन्यांनी.

चौकशीचा रोख दोन गोष्टींकडे वळला. पंखाच्या पुढच्या कडेत पेट्रोल झिरपून साचण्याला वाव होता, आणि इंजिनाची खोळ व पंख यांच्यात आग अडवणारी धड भिंत नव्हती. हे दोष काढता येण्याजोगे होते आणि ते काढले गेले. टाकी भरण्याच्या तोंडांची रचना बदलली, पंखाच्या कडेत हवा खेळती ठेवली, आगीच्या आड पडदे घातले. इंजिन मात्र तेच राहिलं. माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे. आग पसरली कशी, याचं उत्तर मिळालं आणि त्यावर उपायही झाला. मुळात आग लागते कशाने, याचं उत्तर अर्धवट माहीत होतं, पण त्यासाठी इंजिनाची निर्मिती थांबवणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

सिनेटर हॅरी ट्रूमन यांची समिती त्या वर्षी युद्धसाहित्याच्या कारखान्यांची झाडाझडती घेत होती. राइट कंपनीच्या ओहायोतल्या कारखान्यावर तिने कडक ताशेरे ओढले: माल किती निघाला याकडे लक्ष, तो कसा निघाला याकडे दुर्लक्ष. अर्नोल्ड यांनी ब्रिगेडियर जनरल केनेथ वुल्फ यांच्या हाती विमानाच्या चाचण्या, उत्पादन आणि दलाचं प्रशिक्षण असा सगळा कारभार एकत्र सोपवला. ॲलन आणि त्यांचे सहकारी गेल्याने बोइंगचा अनुभवी चाचणी-संघच जवळजवळ नाहीसा झाला होता. विमानाची सगळ्यात जास्त माहिती ज्या डोक्यांत होती, ती माणसंच राहिली नव्हती. १९४४ उजाडलं तेव्हा ९७ विमानं बनून उभी होती आणि त्यांतली उडण्याजोगी होती १६.

इकडे राजकारण पुढे गेलं होतं. नोव्हेंबर १९४३ मध्ये कैरोला रूझवेल्ट, चर्चिल आणि चँग कै-शेक भेटले. जपानवर चीनमधून बॉम्बहल्ले करायचे, विमानांचे मुख्य तळ भारतात ठेवायचे, आणि पेट्रोल-बॉम्ब हिमालयावरून चीनला न्यायचे, ही योजना पक्की झाली. तळांसाठी जागा निवडली नागपूरहून हावड्याला जाणाऱ्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या आसऱ्याने, कलकत्त्याच्या पश्चिमेला: खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी. हजारो अमेरिकी सैनिक आणि त्यांच्या कित्येक पट भारतीय मजूर धावपट्ट्यांवर राबले. मेदिनीपूर जिल्ह्याने ऑक्टोबर १९४२ मध्ये भयंकर चक्रीवादळ सोसलं होतं, पाठोपाठ १९४३ चा दुष्काळ. माणसं अन्नावाचून मेली त्या मुलखात काही महिन्यांत मैलभराहून लांब काँक्रीटच्या पट्ट्या अंथरल्या गेल्या, आणि कलकत्त्याजवळच्या बजबजहून थेट पेट्रोलची नळवाहिनी आली.

या विमानांच्या बॉम्बर कमांडचं मुख्यालय थाटलं ते खरगपूरजवळच्या हिजलीच्या बंदीशाळेत. ब्रिटिशांनी ही इमारत राजकीय कैद्यांसाठी वापरली होती. १६ सप्टेंबर १९३१ रोजी इथेच पोलिसांनी नि:शस्त्र कैद्यांवर गोळ्या झाडल्या आणि संतोषकुमार मित्र व तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे मारले गेले. पुढे १९५१ मध्ये देशातली पहिली आयआयटी सुरू झाली तीही याच इमारतीत. वीस वर्षांत एका इमारतीने तुरुंग, अमेरिकी लष्करी कचेरी आणि अभियंत्यांची शाळा असे तीन जन्म पाहिले.

तळ तयार झाले, विमानं नव्हती. ९ मार्च १९४४ च्या सुमाराला अर्नोल्ड कॅन्ससमध्ये निरोप द्यायला गेले, तर एकही विमान निघण्याच्या स्थितीत नाही. त्यांचा संताप अनावर झाला. पुढचे पाच आठवडे बर्फवृष्टीत, उघड्या मैदानावर, कारखान्यातून उचलून आणलेले कामगार रात्रंदिवस या विमानांवर राबले. ही ‘कॅन्ससची लढाई’ म्हणून प्रसिद्ध आहे. मार्चअखेर विमानं निघू लागली: मराकेश, कैरो, कराची आणि मग खरगपूर. २ एप्रिलला पहिलं विमान चाकुलियाला उतरलं.

आणि मग कॅन्ससच्या हिमवादळात जुळवलेली इंजिनं भारतातल्या उन्हाळ्याला सामोरी गेली. एप्रिलच्या मध्यावर कराचीच्या आसपास विमानं एकापाठोपाठ एक कोसळू लागली, आणि वाटेवरची सगळी विमानं जागच्या जागी थांबवावी लागली. कारण तेच. मागच्या रांगेतल्या सिलिंडरांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून मोडत, तुकडे सिलिंडरमध्ये जात आणि इंजिन स्वतःलाच फोडून काढी. तापलेली हवा विरळ असते. तिने इंजिन नीट निवत नाही आणि पंखांनाही पुरेसा आधार मिळत नाही. मग विमान धावपट्टीवर जास्त वेळ पळतं, आणि जितकं जास्त पळतं तितकं इंजिन तापतं. अमेरिकेत फेब्रुवारीच्या थंडीत जे इंजिन पेटलं होतं, ते चैत्र-वैशाखात शांत बसेल अशी आशा कशाच्या जोरावर धरली होती, कोण जाणे. ८ मेपर्यंत १३० विमानं बंगालच्या तळांवर पोचली. वाटेत पाच पूर्ण नष्ट झाली होती आणि चारांचं मोठं नुकसान झालं होतं.

उपाय शोधले गेले, पण ते ठिगळांसारखे. मागच्या सिलिंडरांकडे हवा वळवणारे पत्रे बसवले, वरच्या सिलिंडरांच्या व्हॉल्व्हना जास्त तेल पोचवणाऱ्या नळ्या जोडल्या, आवरणाच्या झडपा आखूड केल्या, प्रॉपेलरच्या बुडाशी हवा आत ढकलणाऱ्या पट्ट्या लावल्या. इंजिन सुरू करून उभं ठेवायचं नाही, उड्डाणं पहाटे उरकायची, असे नियम झाले. दुरुस्तीचं काम बरंचसं रात्री चाले, कारण दुपारी विमानाच्या पत्र्याला हात लावणं शक्य नसे. विदर्भातल्या केळापूर-पांढरकवड्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. वैशाखात अंगणात राहिलेलं लोखंडी घमेलं तिथे कुणी नुसत्या हाताने उचलत नाही. इथे तर तसंच तापलेलं, साठ टनांचं विमान उघड्या माळावर उभं होतं, आणि त्याच्या आत शिरून स्क्रू पिळायचे होते.

५ जून १९४४ रोजी या विमानांची पहिली मोहीम निघाली. लक्ष्य होतं बँकॉकमधले रेल्वेचे कारखाने. ९८ विमानं उठली, त्यांतलं एक उठता उठताच कोसळलं. ७७ विमानांनी लक्ष्यावर बॉम्ब टाकले. परतीच्या वाटेवर आणखी चार गेली. पाचांपैकी एकही शत्रूच्या गोळ्यांनी पडलं नव्हतं. दहा दिवसांनी चीनमधल्या पुढच्या तळांवरून जपानच्या यावाता पोलाद कारखान्यावर हल्ला झाला. जपानच्या मुख्य बेटांवरचा दोन वर्षांतला हा पहिला हल्ला, म्हणून वर्तमानपत्रांत त्याचा मोठा गाजावाजा झाला आणि बी-२९ हे नाव जगाला कळलं. कारखान्याला मात्र फारसा धक्का लागला नाही. चीनमधून एका विमानाने एक फेरी करायची तर त्यासाठी आधी हिमालयावरून पेट्रोलच्या अनेक खेपा टाकाव्या लागत. विमानांची निम्मी शक्ती स्वतःचंच इंधन वाहण्यात जाई. जुलैत कमांडचे प्रमुख वुल्फ यांना हलवलं, ऑगस्टअखेर त्या जागी कर्टिस लमे आले. त्यांनी शिस्त कडक केली, अचूकता वाढवली, पण भूगोल त्यांनाही बदलता आला नाही. मार्च १९४५ अखेर भारतातून शेवटची मोहीम झाली आणि सगळं दल पॅसिफिकमधल्या टिनियन बेटाकडे निघून गेलं. तिथून पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे.

चाकुलियाहून टिनियनला गेलेल्यांत ‘एडी ॲलन’ नावाचं एक विमान होतं. बोइंगच्या विचिटा कारखान्यातल्या कामगारांनी युद्धरोखे घेऊन त्याचे पैसे उभे केले होते. सिएटलला बोइंगने आपल्या वायुबोगद्याला ॲलन यांचं नाव दिलं, तेही एप्रिल १९४४ मध्येच. म्हणजे नामकरणाचा सोहळा झाला तेव्हा इकडे कराचीत त्याच इंजिनापायी विमानं जमिनीवर खिळून होती. ३० डिसेंबरचं पेटलेलं विमान खाली आणल्याबद्दल त्यांना मरणोत्तर एअर मेडल मिळालं ते १९४६ मध्ये. तोवर ट्रूमन राष्ट्राध्यक्ष झाले होते.

आर-३३५० सुधारलं, पण युद्धाच्या अगदी शेवटी आणि त्यानंतर. कार्बुरेटर जाऊन पेट्रोलचा थेट फवारा आला, सिलिंडरांचं शीतन बदललं. तरीही त्याची खोड पुरती गेली नाही. ही इंजिनं लावलेली कॉन्स्टेलेशन म्हणजे तीन इंजिनांवर उडणारं जगातलं सर्वोत्तम विमान, अशी थट्टा पुढे वैमानिकांत चाले, कारण चौथं बंद पडलेलंच धरायचं. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. जे. आर. डी. टाटा स्वतः त्यात होते. ते विमान कॉन्स्टेलेशनच होतं, आणि त्याच्या पंखांवर चार आर-३३५० होती.